आप्पांचा धूमकेतू

आप्पा निवृत्त झाले आणि घरातल्या प्रत्येक छापील कागदाला घाम फुटला.

उभं आयुष्य त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं होतं. छापखाना सुटला, पण डोळे काही सुटेनात. औषधाच्या बाटलीवरची सूचना, साबणाचं वेष्टन, विजेचं बिल, जे हाती येईल त्यावर तांबडं पेन चालायचं. एकदा तर गल्लीतल्या लाँड्रीच्या पाटीवरची चुकीची वेलांटी ते स्टुलावर चढून पुसून आले. त्यानंतर कितीतरी दिवस लाँड्रीवाल्याने त्यांच्या शर्टांच्या कॉलरी मुद्दाम चुरगळून पाठवल्या, असं माईंचं म्हणणं होतं.

माई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

"सूनबाई, ह्यांना कुठेतरी गुंतव गं बाई," त्या एकदा भांडी आवरता आवरता म्हणाल्या. "काल मला म्हणतात, तू 'पाणी' म्हणताना 'ण'चा 'न' करतेस. इतकी वर्षं माझ्याच हातचं पाणी प्यायले, तेव्हा नाही ऐकू आला तो 'न'!"

सूनबाई हसली, पण जपून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा मालवाहू बोटीवर इंजिनीअर. लग्नानंतर दोनेक महिने घरी राहून तो समुद्रावर गेला, आणि ही सासू-सासऱ्यांबरोबर राहू लागली, कारण तिची नोकरी याच शहरात होती. माईंशी तिचं पहिल्या आठवड्यातच गूळपीठ जमलं. आप्पांशी मात्र गाडी पुढे सरकत नव्हती. "जेवलीस?" "हो." "बरं." एवढ्यावर संवाद संपायचा. एकदा तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, 'आज ऊशिरा येईन.' परत आली तेव्हा त्या 'ऊ'वर तांबडी खूण होती आणि समासात बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'उ ऱ्हस्व. जपून ये.' तिला आधी राग आला. मग ती 'जपून ये'कडे बघत तिथेच उभी राहिली.

तिचं काम होतं वेधशाळेत. दुर्बीण दूर डोंगरावर, पण कार्यालय शहरात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दुर्बीण टिपायची ते आकाशाचे फोटो सकाळी तिच्यापुढे यायचे. त्यांना ते लोक फ्रेम म्हणत. त्या फ्रेममध्ये खरं आकाश किती आणि आगंतुक किती हे तिने निवडायचं. फोटो इतके यायचे की माणसं पुरी पडेनात. म्हणून वेधशाळेने एक सोय केली होती. घरबसल्या कुणीही फोटो बघावेत, प्रत्येकातला डाग कशाचा ते ओळखावं, पडद्यावरचं योग्य बटण दाबावं. अशा हजारो उत्तरांवरून पुढे संगणकाला शिकवायचं.

एका रविवारी सकाळी तिने लॅपटॉप आप्पांच्या टेबलावर ठेवला.

"आप्पा, जरा मदत हवी होती. हे फोटो तपासायचेत. ह्यांत चुका असतात."

'चुका' हा शब्द ऐकताच आप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"कसल्या चुका?"

"आकाशात नसलेल्या, पण फोटोत आलेल्या."

आप्पांनी चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तू रोज तिकडे जाऊन आभाळाची मुद्रितं तपासतेस?"

"हो," ती म्हणाली. तिला वाटलं, आपलं काम इतक्या थोड्या शब्दांत आजवर कुणालाच कळलं नव्हतं. "अगदी तेच."

"मग इतके दिवस बोलली नाहीस ती?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"जेवलीस का, ते रोज विचारत होतो," आप्पा म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

तिने एकेक दाखवायला सुरुवात केली. फोटोच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ गेली असेल तर ती सॅटेलाईटची. कॅमेरा बराच वेळ उघडा असतो, तेवढ्यात सॅटेलाईट समोरून निघून जातं आणि मागे रेघ उरते. शेजारी शेजारी दोन-तीन रेघा आणि त्यांवर ठरावीक अंतराने ठिपके दिसले तर ते विमान, ते त्याचे लुकलुकणारे दिवे. बारीकसा, सुईने ओरखडल्यासारखा अळीएवढा डाग असेल तर तो अवकाशातून आलेला एखादा कण थेट कॅमेऱ्याच्या चिपवर आपटलेला. तो भिंगातून आलेला नसतो, म्हणून ताऱ्यांसारखा मऊ नसतो. फिकट बांगडी दिसली तर ती काचेवरची धूळ. आणि फिकट, मोठं, पोकळ वर्तुळ दिसलं तर ते भूत.

"काय?"

"भूतच म्हणतात आम्ही. एखाद्या ठळक ताऱ्याचा उजेड आतल्या भिंगांवर आपटून परत फिरतो आणि जिथे काहीच नाही तिथे उमटतो."

"अगं बाई," स्वयंपाकघरातून माई म्हणाल्या, "आता घरात भुतंपण आणलीस का?"

आप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पहिल्या फोटोतली रेघ बोटाने मापली, दुसऱ्या कडेपर्यंत गेल्याची खातरी केली आणि 'सॅटेलाईट' हे बटण दाबलं. मग म्हणाले, "इथे 'सॅटेलाईट'मध्ये इ ऱ्हस्व हवी की दीर्घ, हे तुमच्याकडे कुणी ठरवलंय का?"

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रक बदललं. सकाळची आंघोळ झाली की आप्पा टेबलाशी बसत. औषधांच्या बाटल्या सुटल्या, साबण सुटला, माईंचा 'न'सुद्धा सुटला. संध्याकाळी सूनबाई आली की चप्पल काढायच्या आत हाक यायची. "ये, ये. हे एक अडलंय बघ." मग चहा निवेपर्यंत दोघं डोक्याला डोकं लावून बसत. सॅटेलाईटांवर आप्पांचा भारी राग. "हा बघ, परत आला. रांगच लावलीये. एवढे कोण सोडतं गं ह्यांना? रस्ता आहे की काय तो?" काही रेघा तुटक असत. ती सांगे की हे सॅटेलाईट निकामी होऊन गोल गोल गिरक्या घेतंय, म्हणून चमकतं-विझतं. मग आप्पांचा राग जरा ओसरे. "बिचारं," ते म्हणत. "निवृत्त झालेलं दिसतंय."

चुकतही असत. उल्का आणि विमान यांत त्यांचा घोळ व्हायचा. उल्का दोन्ही टोकांना निमुळती असते हे तिने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा त्यांनी वाद घातला आणि चौथ्या वेळी तेच तिला समजावून सांगितलं. ती गालातल्या गालात हसायची. समुद्रावरून नवऱ्याचा फोन आला की तो विचारायचा, "आप्पा काय म्हणतात?" आणि तिच्या लक्षात यायचं की आपण गेली दहा मिनिटं त्यांच्याचबद्दल बोलतोय.

असे काही महिने गेले. मग एके संध्याकाळी ती दार उघडून आत आली तर हाक आली नाही. आप्पा टेबलाशी ताठ बसले होते. माई त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मगाचपासून हे असेच बसलेत," माई म्हणाल्या. "चहा नको म्हणाले. मी घाबरलेच."

"बैस," आप्पा म्हणाले. "मी काही बोलत नाही. तूच बघ."

पडद्यावर एकाच जागेचे तीन फोटो होते, लागोपाठच्या तीन दिवसांतले. पहिल्यात डावीकडे एक लहानसा धूसर डाग, त्याला एका बाजूला पिसाऱ्यासारखं शेपूट. दुसऱ्या फोटोत तोच डाग जरासा उजवीकडे. तिसऱ्यात अजून उजवीकडे. बाकीचे तारे जिथल्या तिथे.

"रेघ नाही," आप्पा हलक्या आवाजात म्हणाले. "धूळ नाही, धूळ जागची हलत नाही. भूत नाही, भूत मोठं आणि पोकळ असतं, आणि त्याला ठळक तारा लागतो. इथे एकही ठळक तारा नाही. मी तिन्ही फोटो भिंग लावून पाहिले."

तिने खुर्ची ओढली. जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. घाईघाईने लॅपटॉपवर शोधलं. माहीत असलेल्या धूमकेतूंपैकी एकही आकाशाच्या त्या भागात नव्हता. 

"आप्पा," ती म्हणाली, "हा धूमकेतू असू शकतो."

'असू शकतो' असंच ती म्हणाली होती. पण तिचा चेहरा इतका उजळला होता की ते 'शकतो' कुणाच्या कानात शिरलंच नाही.

आप्पांनी चष्मा काढला. बराच वेळ तो पुसत राहिले. मग म्हणाले, "पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. चित्र काढणाऱ्याचं असतं. छापणाऱ्याचंही असतं. मुद्रितं तपासणाऱ्याचं नाव फक्त चूक राहिली की निघतं." त्यांनी चष्मा परत चढवला. "धूमकेतूला शोधणाऱ्याचं आडनाव देतात ना गं?"

"देतात."

"आडनाव म्हणजे माझंही झालं की!" माई म्हणाल्या. "आणि हिचंही. बसल्या जागी तिघांचं काम झालं."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिने तिच्या वरिष्ठ मॅडमना फोटो दाखवले. मॅडमनी नीट पाहिलं, मान हलवली. "आहे खरं धूमकेतूसारखं. पण चौथी फ्रेम येऊ दे. तोवर कुठे कळवायचं नाही, कुठे बोलायचंही नाही."

तिने घरी येऊन तसंच सांगितलं. "आप्पा, चौथा फोटो येईपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

"मला सांगतेस?" आप्पा म्हणाले. "छापून येण्याआधी मजकूर बाहेर फोडला असं माझ्या हातून कधी झालेलं नाही."

पण डोंगरावर ढग आले आणि हटेनात. दुर्बीण झाकून ठेवली. चौथी फ्रेम काही येईना. एवढं मोठं गुपित पोटात ठेवून आप्पा घरभर येरझाऱ्या घालू लागले आणि शेवटी त्यांनी ते एकाच माणसाला, अत्यंत विश्वासाने सांगितलं. तो माणूस म्हणजे छापखान्यातला जुळारी.

जुळारी हा आप्पांचा सर्वांत जुना मित्र आणि सर्वांत जुना वैरी. ऐन उमेदीत हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि आप्पा त्यातल्या चुका काढायचे. खिळे जाऊन संगणक आले तरी भांडण चालूच राहिलं. छापखान्यात आप्पांना 'कानामात्रा' हे नाव ठेवलं ते यानेच. त्याच्या कानात गोष्ट सांगणं म्हणजे ती छापून वाटण्यासारखंच होतं. दोन दिवसांत सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना बातमी कळली. लाँड्रीवाल्यालाही कळली, आणि त्याने त्या आठवड्याचे शर्ट कडक इस्त्री करून, घडीत कागद घालून पाठवले.

"कुणाला सांगितलं नाही ना?" सूनबाईने विचारलं.

"एकालाच," आप्पा म्हणाले. मग खाकरून म्हणाले, "रविवारी चारपाच जण चहाला येतायत. सहज."

तिने ओरडायला हवं होतं खरं, पण माई दिवाणखान्याचे पडदे धुवायला काढत होत्या, आणि आप्पा नवा शर्ट आरशासमोर अंगाला लावून बघत होते. तिचा जीव झाला नाही.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि तिच्या फोनवर मॅडमचा निरोप आला. आभाळ मोकळं झालं होतं. चौथी फ्रेम आली होती.

ती आपल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि फोटो उघडला.

डाग होता. तसाच धूसर, तसंच शेपूट. पण उजवीकडे नव्हता. तो मागे, डावीकडे गेला होता, पहिल्या दिवशी होता त्याच्याही मागे.

चार-आठ दिवसांत असा गर्रकन मागे फिरणारा धूमकेतू नसतो. आपण काय बघतोय ते तिला त्याच क्षणी कळलं, तरी तिने सगळं तपासून पाहिलं. पहिले तीन दिवस दुर्बीण रोज केसभर एका बाजूला सरकत गेली होती. ढग गेल्यावर डोंगरावरच्या माणसाने ती पुन्हा रोखली, तेव्हा ती जरा दुसऱ्या बाजूला बसली. फोटो ताऱ्यांवर तारे बसवून जुळवलेले असतात, म्हणून तारे जागच्या जागी दिसत होते आणि दुर्बीण हलेल तसा डागच हलत होता. मग तिने आकाशाच्या त्या भागाचा मोठा नकाशा उघडला. फोटोच्या चौकटीच्या जेमतेम बाहेर, कुणाला दिसणार नाही असा, एक झगझगीत तारा होता. त्याचा उजेड तिरपा आत शिरत होता, म्हणून हे भूत मोठं नव्हतं, पोकळ नव्हतं, आणि त्याला शेपूट फुटलं होतं.

बाहेर कपबश्यांचा आवाज येत होता. माई गुणगुणत होत्या. माई कधी गुणगुणत नसत.

सूनबाई बिछान्याच्या कडेवर बसून राहिली. मनात आलं, आज राहू दे. माणसं येतील, चहा पिऊन जातील, उद्या सांगू. मग तिला दिसलं की उद्या सांगणं म्हणजे आज त्यांना चारचौघांत खोटं बोलू देणं. ज्या माणसाने जन्मभर एक वेलांटी चुकीची जाऊ दिली नाही, त्याला. ती उठली.

"आप्पा, जरा आत येता?"

ते आले. नवा शर्ट, केस पाण्याने बसवलेले. तिचा चेहरा बघून दारातच थबकले.

"चौथा आला," ते म्हणाले.

"हो." ती लॅपटॉपकडे वळली. "आप्पा, मी त्या दिवशी घाई केली. मला आधी..."

"दाखव."

त्यांनी चारही फोटो शेजारी शेजारी लावायला सांगितले. पहिल्यावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथ्यावर बोट मागे आलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग विचारलं, "दुर्बीण हलली?" तिने आकडे दाखवले. "तारा?" तिने नकाशा दाखवला. चौकटीबाहेरच्या त्या ताऱ्याकडे आप्पा खूप वेळ बघत राहिले.

"पानाबाहेर होता," ते शेवटी म्हणाले. "मी पान तपासलं. पानाबाहेर पाहायचं असतं हे सुचलंच नाही."

"मलाही सुचलं नाही आप्पा. मॅडमनाही नाही."

त्यांनी तिच्या हाताखालचा माउस घेतला, शांतपणे 'भूत' हे बटण शोधलं आणि दाबलं. मग तिथेच बसले. खांदे एकदम उतरले. नव्या शर्टाची कॉलर त्यांना मोठी वाटू लागली.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बाहेर जाऊन सांगते सगळ्यांना. म्हणते, वेधशाळेची चूक झाली."

"का? तू का?" आप्पांनी मान वर केली. "चूक माझी. शुद्धिपत्रकही मीच काढणार." मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "फक्त हिला तू सांग. मला तिच्या तोंडाकडे बघून नाही जमायचं."

पण माई दारातच होत्या. कधी येऊन उभ्या राहिल्या कुणास ठाऊक. हातात साखरेचं भांडं.

"मी ऐकलंय," त्या म्हणाल्या. "आडनाव काही कुठे जात नाही. आधी तोंड धुवा. माणसं जिन्यात आलीयेत."

माणसं आलीच. जुळारी पुढे, त्याच्यामागे छापखान्याचा म्हातारा मशीनमन, मग बाइंडिंगवाल्या बाई आणि त्यांची बहीण. जुळाऱ्याच्या हातात भलामोठा खोका. त्याने तो टेबलाच्या मधोमध ठेवून झाकण काढलं. आत केक होता, काळ्याभोर चॉकलेटचा, त्यावर पांढऱ्या क्रीमचा शेपटीवाला तारा आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'कानामात्रा यांचा धुमकेतू'.

आप्पांनी केक पाहिला. सूनबाई आणि माई दोघींना आता काय होणार ते ठाऊक होतं.

"धू दीर्घ," आप्पा म्हणाले.

"काय?" जुळारी म्हणाला.

"धूमकेतूचा धू दीर्घ असतो. तू ऱ्हस्व केलास. जन्मभर ऱ्हस्वच करत आलास." आप्पांनी केकवरून नजर उचलली. "पण आज तुझीच एकट्याची चूक नाही. आज माझीपण आहे. धूमकेतूच नाहीये."

आणि ते उभे राहून बोलू लागले. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. सूनबाईला लॅपटॉप आणायला लावला. चारही फोटो दाखवले, डाग कसा पुढे गेला आणि कसा मागे पळाला ते दाखवलं, चौकटीबाहेरचा तारा दाखवला. बोलता बोलता आवाज एकदा कापला, पण थांबला नाही. "हे भूत," ते म्हणाले. "मी ह्याला धूमकेतू म्हणालो. चौथा फोटो यायच्या आधी बोलू नको असं सूनबाईने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. संपलं."

 मग जुळाऱ्याच्या पोटातून एक आवाज निघाला. तो आधी खोकल्यासारखा वाटला. पण जुळारी हसत होता. त्याला हसू आवरेना. त्याने डोळे पुसले, खुर्चीचा हात पकडला.

"तुझी चूक!" तो म्हणाला. "अरे तुझी चूक! शिशाची धूळ खात मी ह्या दिवसाची वाट पाहिली. मला वाटलं, हा दिवस न बघताच मरतोय मी!"

"हसू नका हो," बाइंडिंगवाल्या बाई म्हणाल्या आणि स्वतःच तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

आप्पांचा चेहरा लालबुंद झाला. सूनबाईला वाटलं, आता हे उठून आत जाणार. तेवढ्यात मशीनमन, जो सहसा बोलत नसे, पुढे वाकला. तो हसत नव्हता.

"कानामात्रा," त्याने विचारलं, "हा उजेड खरा आहे ना? त्या बाहेरच्या ताऱ्याचा?"

"उजेड खरा आहे," आप्पा म्हणाले. "जागा खोटी आहे."

"मग ठीक आहे. मी नातीला सांगून बसलोय. तिला हेच समजावून सांगतो. परत एकदा सांग, दुर्बीण कुठल्या बाजूला हलली?"

आप्पांनी परत सांगितलं. या वेळी आवाज कापला नाही. मग जुळाऱ्याने एक शंका काढली, ती चुकीची होती, आप्पांनी ती खोडून काढली, आणि पाहता पाहता छापखान्यातलं जुनं भांडण केकच्या भोवती रंगलं. माईंनी सुरी आणली. तो ऱ्हस्व 'धु' असलेला तुकडा आप्पांनी जुळाऱ्याच्याच बशीत घातला.

सगळे गेल्यावर मात्र घर शांत झालं, आणि ती शांतता सोमवारीही टिकली. मंगळवारीही. आप्पा लॅपटॉप उघडत नव्हते. सूनबाई संध्याकाळी यायची तर ते गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले. "जेवलीस?" "नाही अजून." "बरं." तांबडं पेन खिशाला होतं, पण ते काही दुरुस्तही करत नव्हते. तिने मुद्दाम फ्रिजवर चिठ्ठी लावली, त्यात तीन ठळक चुका केल्या. चिठ्ठी जशीच्या तशी राहिली.

"माई, मी चुकले का?" तिने विचारलं. "त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं का?"

"काही चुकली नाहीस. माणूस पडला की आधी जरा वेळ तिथेच बसतो. उठेल." पण माईंनाही रात्रीचं जेवण गोड लागत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी ती घरी आली तर जिन्यातच आवाज ऐकू आला. माई आणि आप्पा तावातावाने भांडत होते. ती धावतच वर गेली.

टेबलाशी, आप्पांच्या खुर्चीत, माई बसल्या होत्या. नाकावर त्यांचा शिवणाचा चष्मा. शेजारी आप्पा उभे, केस विस्कटलेले.

"ये गं, तूच सांग हिला!" आप्पा म्हणाले. "दुपारपासून बसलीये. दिसेल त्याला 'धूळ' म्हणतीये! ही आकाशगंगा आहे, अख्खी! अब्जावधी तारे! हिने धूळ म्हणून दाबलं!"

"मला धुळीसारखी दिसली," माई शांतपणे म्हणाल्या. "आणि माझ्याइतकी धूळ ह्या घरात कुणी पुसलेली नाही."

"आणि ही रेघ! ही विमान म्हणते!"

"विमान नसेल तर काय आहे?"

"अगं, ठिपके कुठायत? कडेपासून कडेपर्यंत सरळ आहे. सॅटेलाईट! हज्जार वेळा..." आप्पा एकदम थांबले. आपण हे माईंना एकदाही सांगितलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. इतके महिने त्या त्याच खोलीत चहा आणून ठेवत होत्या.

"ऊठ," ते जरा नरमाईने म्हणाले. "नाही, बैस. मी स्टूल आणतो."

सूनबाईने पर्स खाली ठेवली आणि चहा टाकायला गेली. तिला आत्ता कुणी हाक मारायला नको होती.

चहा घेऊन ती आली तेव्हा माई पडद्यावरच्या एका लांब रेघेकडे बघत होत्या. "रोज तुम्ही दोघं हिला शिव्या घालता," त्या म्हणाल्या. "पण ही बाई खरी दिसते तरी कशी? की ही पण फोटोतच असते?"

आप्पांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने फोनवर काहीतरी शोधलं. "दिवस मावळल्यावर थोड्याच वेळात एक जातंय," ती म्हणाली. "चांगलं ठळक. चला गच्चीवर."

तिघं वर गेली. पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, पलीकडच्या इमारतीत लागलेले दिवे. आभाळ अजून निळसर होतं, एखाददुसरा तारा उगवलेला. आप्पांनी माईंचा हात धरून त्यांना चादरींच्या मधून पुढे आणलं.

"तिकडे," सूनबाई म्हणाली.

टाकीच्या वरून एक ठिपका वर आला. ना लुकलुकणं, ना आवाज. घाई नाही की थांबणं नाही, डोक्यावरून संथपणे तो निघाला होता. माई मान मागे टाकून बघत राहिल्या. फिरता फिरता त्यांचा तोल जाऊ लागला, तसा आप्पांनी खांद्यामागे हात दिला.

"अगं बाई," माई म्हणाल्या. "ही तर किती सुरेख चाललीये! आणि हिला तुम्ही खोडून टाकता?"

"खोडावी लागते," आप्पा म्हणाले. "मागचे तारे दिसत नाहीत ना."

"खोडा मग," माई म्हणाल्या. "पण आधी जाऊ दे तिला."

 ठिपका चादरींच्या पलीकडे गेला, जरा तांबूस झाला आणि पृथ्वीच्या सावलीत शिरून मावळला. खाली घरातला फोन वाजू लागला होता. बोटीवरून या वेळेला नवऱ्याचाच फोन असायचा.

"तू जा, घे," आप्पा सूनबाईला म्हणाले. "आणि त्याला सांग, आम्ही जरा कामात आहोत."